नव्या जातीची नोंद : गोर्गोना बेटावरील नाकतोडा

कीटकांच्या दहा लाखांहून अधिक जातींना आजवर शास्त्रीय नावे मिळालेली आहेत. ही संख्या ऐकली म्हणजे कीटकांची मोजदाद आता संपत आली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र याच्या उलट आहे. ज्यांना अद्याप नाव मिळालेले नाही अशा जाती नाव मिळालेल्या जातींहून संख्येने कितीतरी अधिक असाव्यात, असे बहुतेक कीटकशास्त्रज्ञ मानतात; आणि त्यांपैकी पुष्कळशा उष्ण कटिबंधातील अरण्यांत आहेत. दरवर्षी हजारो नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध होत असतात. वृत्तपत्रांतून त्यांपैकी एखाद्या जातीविषयी ‘नव्या कीटकाचा शोध’ अशी चार ओळींची बातमी येते आणि विसरली जाते.

तथापि, कीटक सापडणे आणि त्याची जाती शास्त्रात दाखल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कीटक एका रात्रीत सापडू शकतो. तो आजवर कोणीही नोंदविलेला नाही, हे सिद्ध करणे आणि जगातील कोणत्याही अभ्यासकाला तो ओळखता येईल अशा रीतीने त्याचे वर्णन करणे, या कामाला मात्र कित्येकदा अनेक वर्षे लागतात. हे काम कसे चालते आणि ते कशासाठी करावयाचे, हे एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या एका लहानशा बेटावर राहणाऱ्या आणि २०१० साली शास्त्रात दाखल झालेल्या एका नाकतोड्याचे हे उदाहरण आहे.

लांब शृंगिकांचे नाकतोडे

पावसाळ्यात दिव्याभोवती जमणाऱ्या कीटकांत पानासारखा हिरवागार, लांब पायांचा आणि केसासारख्या बारीक शृंगिकांचा एक कीटक पुष्कळांनी पाहिलेला असतो. मराठीत त्याला नाकतोडा असेच म्हणतात. परंतु शेतातील गवतावर दिवसा उड्या मारणारा नाकतोडा आणि हा कीटक यांत बराच फरक आहे. दिवसा दिसणाऱ्या नाकतोड्याच्या शृंगिका आखूड असतात व त्याचे कान पोटाच्या बाजूस असतात. रात्रीच्या या कीटकाच्या शृंगिका बहुधा शरीराहूनही लांब असतात, आणि त्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असतात. टेटिगोनिडी या कुलात मोडणाऱ्या या कीटकांना इंग्रजीत ‘कॅटिडिड’ म्हणतात. उत्तर अमेरिकेतील एका जातीच्या रात्रीच्या ओरडण्यात तेथील लोकांना ‘केटी डिड’ असे शब्द ऐकू आले, त्यावरून हे नाव पडले. जगभरात या कुलाच्या सुमारे आठ हजार जाती ज्ञात आहेत.

यांचे नर पंखांवर पंख घासून आवाज काढतात. डाव्या पुढच्या पंखाच्या खालच्या अंगास कानशीसारखी दातेरी शीर असते. उजव्या पंखाची धार तीवरून सरकली की दातांवर आघात होत जातात आणि पंखांचे पातळ पापुद्रे कंप पावून ध्वनी उमटतो. रातकिड्यांत हीच रचना असते. मात्र त्यांचा उजवा पंख वर असतो, तर या नाकतोड्यांचा डावा. नराने साद घालावयाची आणि मादीने ती ऐकून त्याच्याकडे जावयाचे, असा या कुलातील सर्वसाधारण क्रम आहे. प्रत्येक जातीची साद निराळी असल्यामुळे मादीला आपल्या जातीचा नर अंधारातही ओळखता येतो. कीटकशास्त्रज्ञालाही या सादेचा मोठा उपयोग होतो, हे पुढे दिसून येईल.

सापांचे बेट

गोर्गोना हे बेट पॅसिफिक महासागरात कोलंबियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. ते जेमतेम नऊ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद असून ज्वालामुखीच्या क्रियेतून निर्माण झालेले आहे. १५२७ मध्ये फ्रान्सिस्को पिझारो व त्याचे मूठभर सोबती या बेटावर काही महिने अडकून पडले होते. तेथील सापांचा सुळसुळाट पाहून स्पॅनिश लोकांनी बेटाला ग्रीक पुराणकथांतील गोर्गन या सर्पकेशा राक्षसिणींचे नाव दिले. १९६० च्या सुमारास कोलंबियाच्या शासनाने येथे कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग उभारला. आत विषारी साप आणि बाहेर शार्क मासे असल्यामुळे कैद्यांना पळून जाणे जवळजवळ अशक्य होते. तुरुंगाच्या काळात बेटावरील झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. १९८४ साली तुरुंग बंद झाला, बेट राष्ट्रीय उद्यान बनले आणि तोडलेल्या भागांवर अरण्य पुन्हा वाढू लागले.

बेटांचे जीवशास्त्रात एक विशेष स्थान आहे. समुद्रामुळे मुख्य भूमीपासून तुटलेले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहतात व हळूहळू निराळे होत जातात. गोर्गोनाच्या अरण्यात संपूर्ण निळ्या रंगाचा एक सरडा आहे. तो जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. अशा ठिकाणी कीटकांच्याही अज्ञात जाती असतील, ही अपेक्षा त्यामुळे साधार ठरते.

ऐकू न येणारी साद

नाकतोड्यांचा अभ्यास रात्रीच करावा लागतो. डोक्याला दिवा बांधून पायवाटेने सावकाश चालावयाचे आणि पानांच्या दोन्ही बाजू न्याहाळावयाच्या, हीच जुनी व आजही सर्वांत विश्वसनीय पद्धत आहे. आवाजाच्या रोखाने कीटक शोधणे सोपे वाटते, परंतु दक्षिण व मध्य अमेरिकेच्या अरण्यांत त्यात एक मोठी अडचण आहे. तेथील काही वटवाघळे नाकतोड्यांचा आवाज ऐकून त्यांना पानांवरून उचलून नेतात. जॅकलिन बेलवुड व ग्लेन मॉरिस यांनी १९८७ साली पनामातील अरण्याविषयी असे दाखवून दिले की, जेथे अशी वटवाघळे आहेत तेथील नाकतोडे फारच थोडा वेळ ओरडतात आणि जोडीदाराला खुणावण्यासाठी बऱ्याच वेळा फांदी हलवून कंपने पाठवितात.

दुसरी अडचण मानवी कानाची आहे. मनुष्याला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा, म्हणजे २० किलोहर्ट्झ कंप्रतेपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. गोर्गोनावरील ज्या नाकतोड्याचे हे वर्णन आहे, त्याची साद २३ किलोहर्ट्झची आहे. हा नाकतोडा एखाद्याच्या खांद्याजवळच्या पानावर बसून ओरडत असला, तरी त्या माणसाच्या दृष्टीने अरण्य शांतच असते. या कारणामुळे अशा कामात श्राव्यातीत ध्वनी टिपणारे मायक्रोफोन अपरिहार्य ठरतात.

हा कीटक नवा कशावरून?

हाती आलेला कीटक कोणत्या गटातला हे ठरविणे, ही पहिली पायरी असते. गोर्गोनावरील नाकतोड्याच्या बाबतीत ती फारशी अवघड नव्हती. त्याच्या डोक्याच्या टोकाला शंकूसारखा अणकुचीदार उंचवटा आहे आणि मादीला अंडी घालण्यासाठी तलवारीच्या पात्यासारखा लांब अवयव आहे. कॉपिफोरा या वंशाची ही लक्षणे आहेत. (मराठी शास्त्रीय परिभाषेत अनेक जातींच्या समूहाला वंश म्हणतात.) हा वंश १८३१ पासून ज्ञात असून त्याच्या जाती मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत राहतात.

खरा कस लागतो तो दुसऱ्या पायरीवर. त्या वंशातील यापूर्वी वर्णिलेल्या प्रत्येक जातीशी हाती असलेल्या नमुन्याची तुलना करावी लागते. एकोणिसाव्या शतकातील वर्णने कित्येकदा लॅटिन, फ्रेंच वा जर्मन भाषेतील चार-पाच ओळींची असतात. तेवढ्यावरून निर्णय करणे धोक्याचे असल्यामुळे ज्या मूळ नमुन्यावरून ते वर्णन लिहिले गेले तो नमुनाच पाहावा लागतो, आणि तो बहुधा युरोपातील एखाद्या संग्रहालयाच्या खणात टाचणीला टोचलेला असतो. ही तुलना टाळल्यामुळे एकाच जातीला दोन वा तीन नावे दिली गेल्याची उदाहरणे प्राणिशास्त्रात पुष्कळ आहेत. अशा वेळी नियमानुसार सर्वांत जुने नाव ग्राह्य धरले जाते आणि पुढची नावे रद्द होतात.

तुलनेसाठी कोणती लक्षणे घ्यावयाची, हाही विचाराचा प्रश्न असतो. रंगावर फारसे विसंबता येत नाही. कारण मेलेल्या कीटकाचा हिरवा रंग लवकरच पिवळसर तपकिरी होतो. त्यामुळे मस्तकावरील शंकूचा आकार, पायांवरील काट्यांची मांडणी, नराच्या उदराच्या टोकावरील चिमट्यासारखे अवयव आणि पंखावरील दातेरी शिरेची रचना यांना अधिक महत्त्व दिले जाते. दातेरी शिरेची छायाचित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तिचे दात मोजले जातात व त्यांच्यामधील अंतरे नोंदविली जातात.

याखेरीज साद तपासावी लागते. शरीररचनेत न दिसणारा भेद सादेत कसा दिसतो, याचे बोलके उदाहरण भारतातच सापडते. मेकोपोडा इलाँगेटा या नाकतोड्याला लिनियसने १७५८ सालीच नाव दिले. दक्षिण भारतातील या नाकतोड्यांचा अभ्यास करून विवेक नित्यानंद व रोहिणी बालकृष्णन यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, बाह्यरूपावरून एकमेकांपासून वेगळे ओळखता न येणारे हे नर पाच निरनिराळ्या सादा घालतात. त्यांपैकी एकीला त्यांनी ‘हेलिकॉप्टर’ तर दुसरीला ‘ट्रेन’ असे नाव दिले. संग्रहालयातील टोचलेल्या नमुन्यांकडे पाहून हा भेद कोणाच्याही लक्षात आला नसता. साद निराळी आहे एवढ्यावरून जाती निराळी ठरत नाही, हे खरे. परंतु तपास कोणत्या दिशेने करावयाचा हे त्यावरून कळते. म्हणून नव्या नाकतोड्याच्या वर्णनाबरोबर त्याची ध्वनिमुद्रित साद देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे.

मूळ नमुना

तुलनेअंती जाती नवी असल्याची खात्री पटली म्हणजे उपलब्ध नमुन्यांतून एकाची निवड केली जाते. याला होलोटाइप, म्हणजे जातीचा मूळ नमुना, असे म्हणतात. तो सर्वांत सुंदर वा सर्वांत मोठा असण्याची आवश्यकता नसते. ते नाव कोणत्या प्राण्याचे, असा वाद उद्या उपस्थित झाल्यास ज्याच्याकडे बोट दाखवावयाचे तो हा नमुना. नाव शब्दांतील वर्णनाला नव्हे, तर या नमुन्याला बांधलेले असते. वर्णनात चूक राहू शकते, लेखकाचे मत पुढे बदलू शकते. परंतु नमुना कोणालाही पुन्हा तपासता येतो. म्हणून तो सार्वजनिक संग्रहालयात, कोणाही अभ्यासकाला पाहता येईल अशा ठिकाणी ठेवण्याचा आग्रह धरला जातो. भारतात हे कार्य प्रामुख्याने १९१६ साली कोलकात्यात स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था करते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे. ज्या जातीची आपण पहिल्यांदाच ओळख करून घेत आहोत, तिच्यातले जीव मारून टाचणीला टोचावयाचे, हे कितपत योग्य? याचे उत्तर असे की, नाकतोड्यांच्या बाबतीत आवश्यक ती सूक्ष्म लक्षणे जिवंत कीटकावर किंवा केवळ छायाचित्रावर तपासणे बहुधा शक्य होत नाही. आणि एका अरण्यातून घेतलेल्या थोड्याशा नमुन्यांपेक्षा त्या अरण्याची एक एकर तोड त्या जातीला कितीतरी अधिक घातक असते. तरीही हे उत्तर मोकळीक देणारे नाही. राष्ट्रीय उद्यानातून नमुने घेण्यासाठी शासनाची अनुमती लागते, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक नमुने न घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य असते.

नमुना जतन करणाऱ्यांवरही तेवढीच जबाबदारी असते. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि तेथील कीटकसंग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. त्यात कित्येक जातींचे मूळ नमुने होते. त्या जातींची नावे आजही पुस्तकांत आहेत, परंतु त्या नावांमागचा साक्षीदार नाहीसा झाला आहे.

नाव कसे ठेवतात?

प्राण्यांची नावे ‘आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहिते’च्या नियमांनुसार ठेवली जातात. लिनियसच्या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती हा या नामकरणाचा आरंभबिंदू मानला जातो. प्रत्येक नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग वंशाचा आणि दुसरा जातीचा. गोर्गोनावरील नाकतोड्याला ‘कॉपिफोरा गोर्गोनेन्सिस’ असे नाव देण्यात आले. लॅटिनमधील ‘एन्सिस’ या प्रत्ययाचा अर्थ ‘त्या ठिकाणचा’ असा होतो. सह्याद्रीतील एका देवगांडुळाला २००४ साली दिलेल्या ‘महाराष्ट्रेन्सिस’ या नावातही हाच प्रत्यय आहे. नाव एखाद्या व्यक्तीच्या सन्मानार्थ किंवा प्राण्याच्या एखाद्या लक्षणावरूनही ठेवता येते. मात्र त्याच वंशात ते पूर्वी वापरलेले नसावे, असा नियम आहे.

नाव ठरले तरी ते प्रसिद्ध होईपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. फर्नांडो मोन्तेआलेग्रे आणि मॅथ्यू पोस्टल्स यांनी या नाकतोड्याचे वर्णन २०१० साली ‘जर्नल ऑफ ऑर्थोप्टेरा रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी मोन्तेआलेग्रे हे मूळचे कोलंबियाचेच. त्या लेखात शरीराच्या वर्णनाबरोबरच हा कीटक आपली साद कशी निर्माण करतो याचेही विवेचन आहे. २३ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर काढण्यासाठी पंखाची धार दातेरी शिरेवरून अशा नियमित गतीने सरकते की, दातावरील प्रत्येक आघाताबरोबर पंखाचे एक कंपन पूर्ण व्हावे. ही साद क्षणार्धात संपते. परंतु तेवढ्या अवधीत आघातांची गती सेकंदाला सुमारे २३ हजार एवढी असते.

नावानंतरची कथा

येथवरची हकीकत शेकडो जातींच्या बाबतीत घडते आणि बहुधा येथेच थांबते. कॉपिफोरा गोर्गोनेन्सिसच्या बाबतीत ती थांबली नाही. मोन्तेआलेग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नाकतोड्याच्या कानाचा अभ्यास पुढे चालविला आणि २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले.

मनुष्याच्या कानात ऐकण्याची क्रिया तीन टप्प्यांत होते. कर्णपटल हवेतील ध्वनी झेलते; हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे तरफेप्रमाणे काम करून ती कंपने अधिक जोराने आतल्या द्रवाकडे पोहोचवितात; आणि शंखासारख्या कर्णावर्तातील द्रवात उठलेल्या लहरींतून निरनिराळे स्वर वेगळे केले जातात. या नाकतोड्याच्या पायातील कान लांबीला एक मिलिमीटरही भरत नाही. तरी त्यातही हेच तीन टप्पे आढळले. कर्णपटलाला जोडलेली एक कठीण पट्टी तरफेचे काम करते. तिच्या मागे द्रवाने भरलेली एक लांबट पिशवी आहे आणि त्या द्रवातून लहर सरकत जाते. ओळीने मांडलेल्या संवेदनपेशींपैकी एका टोकाच्या पेशी उच्च स्वरांना, तर दुसऱ्या टोकाच्या पेशी खालच्या स्वरांना प्रतिसाद देतात. द्रवाची ही पिशवी तोपर्यंत कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. सस्तन प्राणी आणि कीटक यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांपासून दुरावले. तरीही ऐकण्याच्या एकाच अडचणीतून दोघांनी स्वतंत्रपणे एकसारखा मार्ग काढला, असा याचा अर्थ होतो.

या कीटकाच्या पायाचे कवच पारदर्शक आहे. त्याचा लाभ घेऊन २०१७ मध्ये अभ्यासकांनी कानाला कोठेही छेद न देता लेसर किरणांच्या साहाय्याने आतील लहरी मोजल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने असे दाखविले की, कर्णपटलाभोवतीच्या कवचाच्या घड्या ६० किलोहर्ट्झच्या वरचे ध्वनी मोठे करून देतात. नराची साद २३ किलोहर्ट्झची, तेव्हा या घड्या जोडीदाराचा शोध घेण्यासाठी नव्हेत. जवळ येणाऱ्या वटवाघळाची चाहूल घेण्यासाठी त्या उपयोगी पडतात. याच बेटावरील सुपरसोनस एक्वोरियस या दुसऱ्या एका नाकतोड्याचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याची साद १५० किलोहर्ट्झची आहे, आणि कीटकांच्या जोडीदाराला घातलेल्या सादांत एवढी उच्च कंप्रता तोपर्यंत नोंदली गेलेली नव्हती.

या सर्व अभ्यासांचा पाया २०१० चे ते वर्णन होय. ‘कोलंबियातील एका नाकतोड्याच्या कानात द्रवाची पिशवी आहे’ असे विधान कोणालाही पडताळून पाहता आले नसते; कारण तो नाकतोडा कोणता, या प्रश्नाचे उत्तर नाव आणि मूळ नमुना यांवाचून देता येत नाही. नाव मिळाल्यामुळेच निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या व्यक्तींनी केलेली निरीक्षणे एकाच जातीच्या खात्यावर जमा होऊ शकली.

जातीच्या वर्णनाचे महत्त्व संरक्षणाच्या दृष्टीनेही आहे. संकटग्रस्त प्राण्यांच्या याद्या नावांच्या असतात. ज्याला नाव नाही तो कोणत्याही यादीत येत नाही, आणि तो नाहीसा झाला तर त्याची वजाबाकीही कोठे होत नाही. तुरुंगाच्या काळातील वृक्षतोड १९८४ नंतर आणखी काही दशके तशीच चालू राहिली असती, तर गोर्गोनावरील हा नाकतोडा कदाचित कोणाला सापडलाही नसता. आणि त्यामुळे आपण काय गमावले, हेही कोणाला कळले नसते. आज ज्या अरण्यांवर कुऱ्हाड चालत आहे, तेथील अनाम कीटकांची हीच स्थिती आहे. रात्री दिवा घेऊन पाने तपासणारा आणि संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी त्यांची काट्याला काटा लावून तुलना करणारा अभ्यासक या प्रचंड संख्येपुढे फारच एकटा आहे. तरीही त्याने नोंदविलेली प्रत्येक जाती पुढे येणाऱ्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारण्याची सोय करून ठेवते. तो प्रश्न कोणता असेल, हे वर्णन लिहिणाऱ्याला त्या वेळी ठाऊक असतेच असे नाही.